जरा हलक्यातलं दाखवा

बीड बायपासच्या लॉन्सवर लग्नाला गेलं की माणसांना गळ्यात घेताना जरा बेतानं घ्यावं. मराठवाड्यात छातीला छाती लागल्याशिवाय भेट झाली असं कुणी धरत नाही. अशा भेटीत आपल्या बरगडीखाली काहीतरी टणक रुतलं, तर तो मोबाईलच असेल असं नाही. समोरचा माणूस ओशाळत नाही. तो अर्धं पाऊल मागं सरकतो, पांढऱ्या लिननच्या शर्टाचं टोक दोन बोटांनी खाली ओढतो आणि आपल्याला कळलं की नाही, ते आपल्या चेहऱ्यावर वाचून घेतो. कळलं नसेल तर पुन्हा भेटतो.

ही बत्तीस बोअरची माणसं. छत्रपती संभाजीनगरात त्यांचा धंदा एक नाही. प्लॉटिंगवाले आहेत, खडी क्रशरवाले आहेत, पतसंस्थेचे चेअरमन आहेत, एखादा हाडांचा डॉक्टर आहे आणि शेंद्रा-बिडकीनकडं जमीन गेलेले माजी सरपंच तर आहेतच. परवाना मागायचा तर अर्जात जिवाला धोका दाखवावा लागतो. सरकारनं ही अट अडसर म्हणून घातली असावी. आमच्याकडं तिचा मान झाला. ज्याच्या जिवावर आजवर कुणीच उठलं नाही, त्यानं आयुष्यात केलं तरी काय? शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी हा धोका तपासून पाहतात. धोका खरा आहे असं त्यांनी मान्य केलं की घरोघर पेढे जातात.

आणि या माणसांना चुकूनही विचारू नये असा एकच प्रश्न आहे: 'उडवली का कधी?'

आमच्या हिच्या मामांना तो प्रश्न त्यांच्या व्याह्यांनी विचारला. भर पंगतीत, जिलबी वाढणारा पुढ्यात उभा असताना. मामा मूळचे कन्नडकडचे, आता गारखेड्यात. रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, सहा चेंबरचं. परवाना २०१६ चे शस्त्र नियम येण्याआधीचा. आता अर्जासोबत शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मिशी पुरायची. रिव्हॉल्व्हर कपाटाच्या चोरकप्प्यात, काडतुसांचा डबा शेजारी आणि मामींच्या पाटल्या त्याच्याही पलीकडं. दसऱ्याला सगळं बाहेर येतं, हळदकुंकू लागतं, आपट्याची पानं वाहिली जातात आणि सगळं पुन्हा आत. ही पूजा इतकी वर्षं चालली आहे की मुठीच्या लाकडावरच्या खाचांमध्ये कुंकू बसून तिला आपसूक नक्षी आली आहे. लग्नसराईत तेवढं ते कंबरेला लागतं.

व्याह्यांच्या प्रश्नावर मामांनी उत्तर दिलं नाही. जिलबी परत पाठवली. मामांच्या ताटावरून जिलबी परत गेलेली त्या घराण्यात कुणी पाहिली नव्हती, त्यामुळं प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांनाच कळलं.

त्यातून निघाली रेंज. परवाना असला म्हणून शेताच्या बांधावर उभं राहून सराव करता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त रेंजच लागते. आणि वरातीत आनंदानं हवेत बार काढायचे दिवस तर गेलेच. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात त्याला स्वतंत्र जागा मिळाली: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीत आवाज करायला आता फक्त डीजे उरला. त्याला परवाना लागतो, पण जिवाला धोका दाखवावा लागत नाही. तो पोहोचवायचा असतो.

तर रेंज. तिथं फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब शिकवतात. त्यांनी मामांना आधी रिव्हॉल्व्हर उघडून दाखवायला सांगितलं. कानपूरचं हे रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्ली घाटाचं. वरची खिट्टी दाबली की मधोमध मोडतं आणि नळी खाली झुकते. इतक्या दसऱ्यांत मामांनी ते उघडलेलं नव्हतं. खिट्टीपाशीही कुंकू होतं. सुभेदारसाहेबांनी खिशातून रुमाल काढून ते पुसलं, बोटावर आलेलं कपाळाला लावलं आणि कानावर चढवायचे मफ मामांपुढं केले. मामांनी ते नाकारले. बंदुकीला घाबरून कान झाकणारा माणूस त्यांच्या आजोळी झालेला नव्हता.

पहिला बार झाल्यावर मामांनी मफ स्वतःहून मागून घेतले. दुसऱ्या बाराला गोळी पुठ्ठ्याच्या खालच्या मातीत गेली. तिसरी कुठं गेली ते कुणी बोललं नाही. परतताना गाडीत मामा मनगट चोळत होते. सेव्हन हिल्सच्या पुलावर आलो तेव्हा बोलले.

'दणका लई आहे हो, जावईबापू. हलक्यातलं काही येतं का बघा. सरावापुरतं.'

देण्याघेण्यातल्या साड्या मागाव्यात त्या सुरात मामा हे बोलले. भारीतलं ठेवणीत राहू द्यावं, वापरायला हलक्यातलं घ्यावं. मागणी अगदीच रास्त होती, आणि घरात मी वाचणारा माणूस म्हणून ती माझ्यावर आली.

बंदुकांचं दुकान जुन्या शहरात आहे. दुकान म्हणजे एक लाकडी काउंटर, एक लोखंडी तिजोरी आणि रजिस्टरं. मालापेक्षा रजिस्टरं जास्त. मी आणि मामा आत गेलो.

'बत्तीसची काडतुसं दाखवा.'

'आहेत.'

'कोणकोणती?'

दुकानदारानं चष्मा कपाळावर घेऊन आमच्याकडं पाहिलं. 'खडकी.'

'आणखी?'

'खडकीचाच मागचा लॉट.'

'यात हलकं कोणतं?' मामांनी विचारलं.

'दोन्ही सारखीच. भाव पण सारखाच. साहेब, हे पसंत करायचं नसतं. परवाना द्यायचा, नोंद करून घ्यायची, सही करायची.'

मामा नाराज झाले. ज्या माणसानं फरशी निवडायला राजस्थानपर्यंत धडक मारली, त्याला काउंटरवर एकच डबा दाखवला जात होता. पण दुकानदाराचं बरोबर होतं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे, आणि परवानाधारकाच्या बत्तीसला बहुतेक तोच वाली. आयात काडतुसांचे दरवाजे मान्यताप्राप्त नेमबाजांसाठी किलकिले असतात; लग्नात शर्ट सारखा करणाऱ्यांसाठी नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ ला केंद्रानं आयुध कारखान्यांचं मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा मामांचं रिव्हॉल्व्हर कानपूरच्या कंपनीकडं गेलं आणि त्याचं काडतूस पुण्याच्या. मामांनी हे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, 'म्हणजे आता तक्रार करायची तर दोन ठिकाणी चकरा.'

त्यात पुन्हा परवान्यावर आकडा असतो: एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची. नेमबाजीत हात बसायला जेवढे बार लागतात, त्यापुढं तो आकडा म्हणजे आमच्या नळाचं पाणी. आलं की भांडी भरून ठेवायची, वापरायची नाहीत. मामांचा डबा इतकी वर्षं भरलेलाच होता, याचं कारण भित्रेपणा नसून हा संस्कार होता, असं मी त्यांच्या वतीनं व्याह्यांना सांगायला तयार होतो.

मग मी वाचायला बसलो. आणि इथून पुढं गोष्ट मामांच्या दृष्टीनं बिघडत गेली.

अमेरिकेत माणसं लहान पिस्तुलासाठी काडतूस निवडताना ग्रेनची भाषा बोलतात. अमक्याची गोळी ११५ ग्रेन, तमक्याची १२४, कुणाची १४७. यानं मनगट दुखतं, त्यानं दुखत नाही. सरावाला हे, घरात ठेवायला ते. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. मामांना ते समजेना, म्हणून मी हिशेब सराफ्यात नेला. तोळा म्हणजे १८० ग्रेन, हे इंग्रजांनी १८३३ सालीच ठरवून दिलंय. मामांच्या बत्तीसची गोळी साधारण ९८ ग्रेनची असते. म्हणजे अर्ध्या तोळ्याच्या थोडी वर.

हे मामींनी आतून ऐकलं. 'म्हणजे दर बाराला अर्धा तोळा उडवायचा?'

'शिशाचा गं,' मामा म्हणाले.

'तरी अर्धा तोळाच ना.'

दणका मोजायचं गणित काही अवघड नाही. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग. जेवढं पुढं जातं, तेवढंच मागं येतं. बत्तीसची साडेसहा ग्रॅमच्या आतली गोळी सेकंदाला दोनशे मीटरच्या थोड्या पुढं पळते. पोलिसांच्या नऊ एमएमची आठ ग्रॅमची गोळी साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या हत्यारातून नऊ एमएम जेवढा हात मागं ढकलेल, त्याच्या निम्मंच बत्तीस ढकलते. नऊ एमएम आपल्याकडं सर्वसामान्यांना मनाईच्या यादीत आहे, त्यामुळं ही तुलना मामांना करून बघता येणार नव्हती. त्यांना ती मी तोंडी सांगितली. ते म्हणाले, 'तुमचं गणित कागदावर आहे, माझं मनगटात.'

पण खरा घाव पुढंच होता. बत्तीसचं हे काडतूस, ज्याला जगभर बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग म्हणतात, ते १८९६ चं. त्याच साली न्यूयॉर्कच्या पोलिसांना एकसारखी रिव्हॉल्व्हरं द्यायचं ठरलं. तेव्हा तिथल्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते थिओडोर रूझवेल्ट, पुढं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. रिव्हॉल्व्हर निवडलं कोल्ट कंपनीचं, बत्तीस बोअरचं. कोल्टला प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्या मालावर नको होतं, म्हणून काडतूस जवळजवळ तेच ठेवून त्याला 'कोल्ट न्यू पोलीस' असं नाव दिलं. वस्तू तीच आणि नाव नवं, यात आमच्या शहराला नवल वाटण्यासारखं काही नाही.

पुढं पोलिसांनी मोठ्या बोअरची हत्यारं घेतली, आणि बत्तीस लाँग उरलं ते नेमबाजांकडं. का? तर दणका कमी म्हणून. इटली-जर्मनीत स्पर्धेसाठी बनणारी महागडी सेंटरफायर पिस्तुलं या बोअरची असतात. पंचवीस मीटरवर कागदाचं लक्ष्य आणि त्यासाठी चपट्या तोंडाची, सपाट कापलेली शिशाची गोळी. ती कागदाला कातरल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडते, म्हणजे गुण मोजताना वाद नको. आणि अमेरिकेत १९८४ साली बत्तीसचं एक दांडगं मॅग्नम काडतूस आलं, त्यानंतर त्याहून दांडगं. ही दोन्ही काडतुसं वापरणाऱ्यांना जाणकार काय सल्ला देतात? सरावाला मॅग्नम नको, हात खराब होतो. त्याच चेंबरात बसणारं काहीतरी हलक्यातलं घ्या. हलक्यातलं म्हणजे कोणतं? बत्तीस लाँग.

म्हणजे मामा ज्याच्यापेक्षा हलकं मागत होते, तेच जगातलं हलक्यातलं होतं. दसऱ्याला ज्याला कुंकू लागत होतं, ते सरावाचं काडतूस होतं.

हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी आडवळणानं सुरुवात केली, रूझवेल्ट आधी घातला, राष्ट्राध्यक्ष म्हटल्यावर मामा खूश झाले. शेवटी मुद्द्यावर आलो. मामा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी आतल्या दाराकडं पाहून आवाज खाली आणला.

'हे व्याह्यांना माहीत आहे का?'

नसावं, म्हणालो.

'मग राहू द्या.'

कुणाचा गैरसमज नको म्हणून सांगतो, हलकं म्हणजे निरुपद्रवी नव्हे. अर्धा तोळा शिसं सेकंदाला दोनशे मीटरनं येत असेल तर समोरच्याला त्याचा बोअर विचारण्यात रस उरत नाही. हलकं ते फक्त झाडणाऱ्याच्या मनगटाला.

दोन दिवस शांततेत गेले आणि मामांना नवीन कल्पना सुचली. काडतूस हलकं येत नसेल तर हत्यारच हलकं घेऊ. त्यांना आठवत होतं ते 'निर्भीक'. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर कानपूरच्या कारखान्यानं जानेवारी २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून हे रिव्हॉल्व्हर काढलं. बत्तीस बोअर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अवघं ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा १ लाख २२ हजार ३६० रुपये, आणि द्यायचं ते दागिन्यांच्या असतात तशा गडद किरमिजी पेटीतून. स्त्रियांना हत्यार विकायचं तर ते दागिन्याच्या पेटीतूनच विकावं लागेल, हे ज्या कुणाला सुचलं त्यानं सव्वा लाखाच्या दागिन्याची आणि हत्याराची अशी दोन्ही गिऱ्हाइकं गोंधळात पाडली. मामींनी ती पेटी कुठल्याशा फोटोत पाहिली होती. पेटी त्यांना पसंत होती.

पण न्यूटन कुणाच्या ओळखीतला नाही, त्यामुळं त्याला सांगून काम होत नाही. हत्यार जेवढं हलकं, तेवढा दणका जास्त. मामांच्या सातशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरनं हात जेवढा उडतो, तेच काडतूस घातलेल्या अर्ध्या किलोच्या रिव्हॉल्व्हरनं त्याहून जास्त उडणार. मनगट वाचवायचं असेल तर हत्यार जड हवं. कंबर वाचवायची असेल तर हलकं हवं. मामांचं पोट गेल्या काही वर्षांत ज्या वेगानं पुढं आलं आहे, ते पाहता पट्ट्यात जागा फारशी उरलेली नाही, आणि तिथं जड काही टिकत नाही. मनगट आणि कंबर यांच्यात तडजोड निघेना.

तसं जड हत्यारातच सुख आहे असंही नाही. आमच्या परांड्याच्या किल्ल्यावर एकेकाळी मलिक-ए-मैदान होती, १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, पन्नासहून जास्त टनांची तोफ. १६३२ साली ती विजापूरला नेली आणि अजून तिथंच आहे. एवढ्या वजनाला दणका काय करणार? तरी सांगतात की बत्ती दिली की गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या हौदात डोकं बुडवून बसायचा, आवाजानं कान जाऊ नयेत म्हणून. ही गोष्ट मी मामांना मुद्दाम सांगितली. मफ मागून घेतल्याची जी सल होती ती गेली. आदिलशाहीचा गोलंदाज जर कान झाकत होता, तर कन्नडच्या माणसानं झाकायला हरकत नव्हती.

पुढच्या खेपेला सुभेदारसाहेबांनी काय केलं ते सांगतो. त्यांनी मामांना लक्ष्याकडं तोंड करून उभं केलं, रिव्हॉल्व्हर आपल्या हातात घेतलं, पाठ फिरवून भरलं आणि बंद करून मामांच्या हातात दिलं. मामांनी श्वास घेतला. घोडा अंगठ्यानं मागं ओढला. डावा डोळा मिटला, मग उजवाही मिटला. ओठ आत गेले, खांदे कानांकडं निघाले, पोट आत गेलं, जे मामींनाही आजवर साधलेलं नव्हतं. चाप दाबला तसं रिव्हॉल्व्हरचं तोंड खाडकन वीतभर खाली गेलं आणि मामा अर्धं पाऊल मागं आले.

आवाज झाला तो फक्त 'टक्'.

मामांनी एक डोळा उघडला. 'फुसकं निघालं,' ते म्हणाले. 'लॉट खराब असणार.'

सुभेदारसाहेबांनी रिव्हॉल्व्हर लक्ष्याच्या दिशेनंच ठेवून उघडलं आणि मामांना दाखवलं. त्या चेंबरात काडतूसच नव्हतं. सहापैकी तीनच भरली होती, एक सोडून एक. जगभर नेमबाजीचे मास्तर हा डाव खेळतात, कारण भरलेल्या चेंबराला हात का हलला ते कळत नाही. दणका आणि दचकणं एकमेकांत मिसळून जातात. रिकाम्या चेंबराला दणका नसतो. मग उरतं ते सगळं माणसाचं स्वतःचं.

मामांनी त्या रिकाम्या भोकाकडं इतका वेळ पाहिलं की मागच्या रांगेतला पोरगा त्यांच्या खांद्यावरून डोकावून गेला. मग ते सुभेदारसाहेबांना म्हणाले, 'हे तुम्ही आधी सांगायचं होतं.' सुभेदारसाहेब म्हणाले, 'आधी सांगितलं असतं तर तुम्ही दचकला नसता.'

औषध त्यांनी दिलं ते असं: घरी रिकाम्या हत्यारानं चाप दाबायचा, चेंबरात सरावाची नकली काडतुसं घालून, भिंतीवरच्या ठिपक्यावर, रोज. खऱ्या काडतुसांचा डबा त्या वेळी दुसऱ्या खोलीत, मामींच्या ताब्यात, कुलपात. मामींनी हे काम ज्या तत्परतेनं स्वीकारलं त्यावरून त्या या दिवसाची वाट बघत असाव्यात. आता संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला मामींचा पुकारा होतो, 'गोळ्या माझ्याकडं आहेत', आणि मग मामा हॉलमध्ये उभे राहतात. शेजारच्यांना वाटतं, बीपीच्या.

याच काळात आमच्या मुलीनं नेमबाजी सुरू केली होती. दहा मीटर एअर पिस्तूल. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, तोही पुढून चपटा. दणका जवळपास नाहीच. चापाला ५०० ग्रॅमचा ताण पुरतो. लक्ष्याच्या मधलं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं, आणि मोठ्यांच्या स्पर्धेत असे साठ बार. परवाना लागत नाही, धोका दाखवावा लागत नाही. पाचशे छऱ्यांचा डबा येतो आणि पोरगी तो इतक्या भराभर संपवते की मामांना त्याचंच वैषम्य वाटायचं. त्यांच्या आयुष्यभराच्या कोट्याहून जास्त बार ती एका आठवड्यात काढते आणि पुंगळीचा हिशेब कुणी मागत नाही.

'याला काय बंदूक म्हणायचं?' मामा म्हणाले. 'कुत्रं पण बघणार नाही.'

मी त्यांना राही सरनोबतचं नाव सांगितलं. कोल्हापूरची मुलगी, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण, नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. ते सुवर्ण बावीस बोअरनं मिळालं, अडीच ग्रॅमच्या गोळीनं. मामांनी मनात तोळ्यात हिशेब केला असावा, कारण त्यांचा चेहरा पडला.

आणि या सगळ्या खेळाचा कारभार कुणी उभा केला? १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना निघाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. खादीतला, सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेला गांधीवादी माणूस. आजही नवशिक्या नेमबाजाला राष्ट्रीय पातळीकडं जायचं तर त्यांच्याच नावाच्या स्पर्धेच्या वाटेनं जावं लागतं. मावळंकरांच्या कंबरेला काही असल्याचं कुणी सांगत नाही.

मामांचं मन वळलं ते मात्र इतिहासानं नव्हे, आचारसंहितेनं. २०२४ साली आधी लोकसभा आली, आमच्याकडं १३ मे ला मतदान, मग विधानसभा, २० नोव्हेंबरला. निवडणूक लागली की छाननी समिती परवानाधारकांची यादी बघते आणि ज्यांना निरोप येतो त्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. मामांना दोन्ही वेळा निरोप आला. पहिल्या वेळी त्यांना तो मान वाटला. आपल्यापासून निवडणुकीला धोका आहे, हे सरकारनं लेखी कळवलं होतं. दुसऱ्या वेळी लग्नसराई तोंडावर होती. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांना मामा खिशात ठाण्याची पावती घेऊन हिंडले. गळाभेटीत पावती टोचत नाही.

त्यात त्यांना कळलं की राष्ट्रीय संघटनेच्या खेळाडू नेमबाजांना या जमा करण्यातून सूट मिळते. त्या रात्री त्यांनी मला फोन केला.

'जावईबापू, खेळाडू व्हायला वयाची अट आहे का?'

नाही, ज्येष्ठांचा वेगळा गट असतो, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडं हजर. पार्किंगमध्ये दहा मीटर मोजून, मागं वाळूची पोती लावून पोरगी सराव करत होती. 'आण बरं,' ते म्हणाले. तिनं पिस्तूल त्यांच्या हातात दिलं, पाय कुठं ठेवायचे ते दाखवलं आणि म्हणाली, 'मामाआजोबा, डोळे उघडे ठेवा हं.' सुभेदारसाहेबांना ही गोष्ट बोलून दाखवायला महिना लागला होता.

छर्रा सुटला. मामा दचकले नाहीत. दचकण्यासारखं काही नव्हतंच. लक्ष्यावर सातच्या रेघेला भोक पडलं, स्वच्छ, गोल. मामा जवळ जाऊन त्याला बोट लावून आले. मग दुसरा छर्रा मागितला. मग तिसरा. अंधार पडेपर्यंत त्यांनी डबा निम्म्यावर आणला, आणि पोरगी शेवटी म्हणाली, 'माझे छर्रे परत आणून द्या.' त्यांनी खिशातून पैसे काढून दिले आणि वर म्हणाले, 'दोन डबे आण. भारीतले.'

आता मामा सकाळी रेंजवर असतात. जर्किन घेतलं आहे, नेमबाजीचा एक डोळा झाकायचा चष्मा घेतला आहे, आणि व्याह्यांना त्यांनी स्वतः फोन करून 'मी रोज शंभर बार काढतो' असं सांगितलं आहे. कशाचे, ते सांगितलेलं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेचा अर्ज भरून झाला आहे. मामींनी सही करताना एकच गोष्ट विचारायला सांगितली आहे: मेडल मिळालं तर ते किती तोळ्यांचं असतं.